कोलकात्यात एकटी बर्गी

कोलकात्यात मला जी जी म्युझियम बघायची होती ती झाडून सगळी सोमवारी बंद असतात. इंडियन म्युझियम बंद, व्हिक्टोरिया मेमोरियलच्या गॅलऱ्या बंद, जोडासाँकोची ठाकूरबाडी म्हणजे रवींद्रनाथ टागोरांचं घर बंद, नेताजी भवनसुद्धा बंद. हे नोव्हेंबरातच कळलं ते बरं झालं, कारण माझा पहिला प्लॅन होता रविवारी रात्री पोचायचं आणि सोमवारी सकाळी आंघोळ करून थेट म्युझियम. म्हणजे पहिल्याच दिवशी बंद गेटसमोर सेल्फी काढून परत आले असते.

आधी माझ्याबद्दल थोडं. पुण्यात एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे, वय ४६, आणि आयुष्यात एकटीने केलेला सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे माहेरी मिरजेला, तोही उतरवून घ्यायला भाऊ स्टेशनवर उभा. रजा लॅप्स होणार होती, नवऱ्याला सुट्टी मिळत नव्हती, मुलगी बारावीत. जाऊबाई म्हणाल्या बारावीच्या पोरीला टाकून कुठे निघालीस गं? पोरगी म्हणाली, आई प्लीज जा, तू गेलीस तरच माझा अभ्यास होईल. झालं, मिळाली परवानगी.

कोलकाताच का असं सगळ्यांनी विचारलं. मला पहाड नको होते, बर्फ नको होता, नुसतं चालायचं होतं, म्युझियममध्ये कुणी 'झालं का तुझं' न म्हणता एकाच मूर्तीसमोर वीस मिनिटं उभं राहायचं होतं. आणि हे शहर चालत बघायचं तर जानेवारीतच, बाकीचं वर्ष तिथला घाम आणि पाऊस सोसवत नाही असं ऑफिसमधल्या एका बंगाली मॅडमनी आधीच सांगून ठेवलेलं. रात्री तेरा-चौदा डिग्री, दुपारी पातळ स्वेटरही जास्त होतो. पुण्यासारखीच थंडी, पण तिथले लोक ती फार मनावर घेतात, सकाळी फिरायला निघालेले सगळे आजोबा माकडटोपीत.

प्लॅनिंग मी एक्सेलमध्ये केलं, काय करणार, सवय. वार, ठिकाण, बंद कधी, जवळचं मेट्रो स्टेशन, आणि शेवटचा कॉलम सूर्यास्त. हा शेवटचा कॉलम मला कोणी सुचवला नव्हता आणि तोच सगळ्यात कामाचा निघाला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात सूर्य सव्वासहाला मावळतो, कोलकात्यात पाच-दहाच्या सुमाराला. घड्याळ देशभर एकच, पण दोन शहरांत साडेचौदा रेखांशांचं अंतर, एका रेखांशाला चार मिनिटं, की झाला जवळजवळ तास. म्हणजे संध्याकाळी सहापर्यंत आरामात फिरू असं पुणेरी डोक्याने ठरवलं की तिकडे अंधार. एकटी असल्यामुळे मला ते महत्त्वाचं होतं, भीती म्हणून असं नाही पण अनोळखी गावात, स्टेशनपासून लांब, अंधारात रिक्षा शोधत बसायची हौस नव्हती. त्याच्या बदल्यात सकाळी उजाडतंही तासभर लवकर. मग सगळा दिवसच एक तास अलीकडे सरकवला. सहाला बाहेर, पाचला परत, रात्री नऊला झोप.

दुसरा नियम केला, एका दिवसाला एकच मोठं म्युझियम. दुसरं काही वाटलं तर बोनस. आणि सोमवार गेला डे ट्रिपला, कारण नदीकाठची गावं सोमवारी बंद नसतात.

रेल्वेचं बुकिंग हा वेगळाच विषय. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलं, त्यामुळे जे चार महिने आधी करून निवांत बसायची सवय होती ते सगळं ऐन दिवाळीनंतर करावं लागलं. जाताना विमान आणि येताना आझाद हिंद एक्सप्रेस असं ठरवलं, दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस. नवरा म्हणाला हे काय, येतानापण विमानच घे की. पण मला तो मधला दिवस हवा होता. घरी पोचलं की लगेच कुकर लावायचा असतो, त्याच्या आधी थोडं नुसतं खिडकीत बसायचं होतं.

राहायचं कुठे यावर एक आठवडा गेला. हाजरा रोडला महाराष्ट्र निवास आहे, सासूबाईंचा त्यासाठी आग्रह, आपली माणसं असतात, आपलं जेवण मिळतं. मी म्हटलं आपलं जेवण तर मीच रोज करते. शेवटी भवानीपूरमध्ये एका जुन्या घरातली वरच्या मजल्यावरची खोली घेतली, हिरव्या लाकडी खडखडी खिडक्या, लाल कोबा, आणि घरमालकीण पंचाहत्तरीच्या. त्यांना माशीमा म्हणायचं असं शेजारच्याने सांगितलं. एकट्या माणसाला डबल रूमचेच पैसे मागतात बहुतेक ठिकाणी, इथे तसं नव्हतं, हे निवडीचं खरं कारण.

८ जानेवारीला बुधवारी संध्याकाळी पोचले. माशीमांनी दार उघडलं, माझ्या मागे बघितलं, अजून कोणी येतंय का म्हणून. मग म्हणाल्या, "एका एशेछो?" मला वाटलं एक कुणीतरी आलंय का विचारतात. एकटीच आलीस का असा अर्थ. कुठून विचारल्यावर मी पुणे, महाराष्ट्र म्हटलं तशा त्या कमरेवर हात ठेवून हसल्या आणि हिंदीत म्हणाल्या, अरे बापरे, म्हणजे बर्गीच्या देशातली! लहानपणी आई आम्हाला तुमच्याच नावाने झोपवायची.

मला बर्गी हा शब्द अर्धवट माहीत होता. आपल्याकडे बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळतं तो स्वार, स्वतःचा घोडा असेल तर शिलेदार. तो बारगीर बंगालमध्ये जाऊन बर्गी झाला आणि तिथल्या अंगाईत शिरला, की बाळ झोप, बर्गी आलेत, धान्य पाखरांनी खाल्लं आता सारा कुठून भरायचा. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४१ पासून दहा वर्षं बंगालवर जात राहिल्या. आम्हाला शाळेत अटकेपार झेंडा पाठ, ही दहा वर्षं मात्र एका वाक्यात, तेही चौथाई मिळाली आणि ओरिसा आला एवढंच. त्या रात्री मच्छरदाणीत पडून फोनवर वाचत बसले. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने तेव्हाच, म्हणजे त्या स्वाऱ्या चालू असतानाच्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' लिहून ठेवलंय, त्यात गावं जाळली, लोकांचे हात नाक कान कापले, बायकांचे काय हाल केले, सगळं आहे. झोप लागायला वेळ लागला. सकाळी माशीमांनी चहा आणि दोन बिस्किटं आणून ठेवली होती, त्या सगळं विसरल्या होत्या, मी विसरले नव्हते.

गुरुवार इंडियन म्युझियमला दिला. तिथले लोक त्याला जादूघर म्हणतात, हा शब्द मला इतका आवडला की आता मी केळकर म्युझियमलाही तेच म्हणते. १८१४ मध्ये एशियाटिक सोसायटीने सुरू केलेलं, चौरंगीवरची आत्ताची इमारत १८७८ ची. मधे मोठं अंगण, चारी बाजूंनी खांबांचे ओटे, आणि आत काय नाही, हत्तीच्या पूर्वजांचे सांगाडे, उल्का, ममी, सगळ्या शाळांच्या सहली त्या ममीपुढे. मी तिथे दोन मिनिटं उभी राहिले, मागच्या रांगेतल्या पोरांनी ढकलत पुढे नेलं.

माझी सकाळ गेली भारहुतच्या खोलीत. मध्य प्रदेशातल्या भारहुतचा स्तूप कनिंगहॅम या इंग्रज पुरातत्त्वतज्ज्ञाला १८७३ मध्ये सापडला, त्याचं लाल दगडाचं कुंपण आणि तोरण इथे आणून उभं केलंय, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. त्यात एक गोल शिल्प आहे, साधारण परातीएवढं. अनाथपिंडिक नावाच्या व्यापाऱ्याला बुद्धासाठी जेतवनाची बाग विकत घ्यायची असते आणि मालक राजपुत्र म्हणतो जेवढी जमीन नाण्यांनी झाकशील तेवढी तुझी. तर बैल सोडलेली गाडी, गाडीतून नाणी उतरवणारा माणूस, जमिनीवर चौकोनी नाणी पसरून बसलेले दोघं, मधे अनाथपिंडिक हातात झारी घेऊन दानाचं पाणी सोडतोय. मी अठरा वर्षं तारण कर्जाची कागदपत्रं बघतेय हो. खरेदीखत, मोबदला, कब्जा, साक्षीदार, सगळं एका दगडात! बाजूला साक्षीदार खरंच उभे आहेत. वीस मिनिटं ठरवली होती, पाऊण तास झाला, गार्ड दोनदा येऊन बघून गेला की ही बाई ठीक आहे ना. एकटीने फिरण्याचा फायदा विचाराल तर हा. नवरा असता तर मी पण पाच मिनिटांत 'चल' म्हटलं असतं, त्याच्यासाठी नाही, मलाच अवघडल्यासारखं झालं असतं.

एकटीने फिरण्याचा तोटा, म्हणजे जेवण. पहिल्या दिवशी दुपारी हॉटेलच्या दारात मी तीन वेळा मागे फिरले. शेवटी जानबाजारात एका पाइस होटेलात शिरले, जिथे भात, डाळ, भाजी, मासा प्रत्येकाचे वेगळे पैसे, केळीच्या पानाचेही वेगळे, आणि लांब टेबलावर कोणीही कोणाशेजारी बसतं. तिथे एकटं-दुकटं हा प्रश्नच नाही. वाढणारा धडाधड माशांची नावं म्हणतो आणि तुम्ही ओळखीचं नाव आलं की हात वर करायचा. मी 'पारशे'ला केला, कारण तेवढंच नीट ऐकू आलं. मोहरीतला छोटा मासा, नाकात झणका. नंतर रोज पाइस होटेलच.

शुक्रवारी व्हिक्टोरिया. १९०६ ला कोनशिला, १९२१ ला उघडलं, मकराण्याचा संगमरवर, सकाळच्या धुक्यात अर्धं दिसतं तेव्हाच छान दिसतं. आतमध्ये डॅनियल काका-पुतण्यांची चित्रं बघा, अठराव्या शतकाच्या शेवटचा हिंदुस्थान. बाकी राणीच्या वस्तूंमधून मी भराभर निघाले. मैदानावर दुपारी चादरी टाकून संत्री सोलत बसलेली घरंच्या घरं, क्रिकेटचे पंधरा डाव एकात एक मिसळलेले. मी पण पेपर पसरून बसले. शेजारच्या काकूंनी न विचारता एक संत्रं दिलं.

शनिवारी बिष्णुपूर. ही डे ट्रिप लांबची, रेल्वेने दोनशे किलोमीटरच्या आसपास, साडेतीन-चार तास एका बाजूला, आणि सूर्यास्ताच्या कॉलममुळे सकाळची पहिली सोयीची गाडी धरावी लागली. खडगपूर गेलं की खजुराची झाडं सुरू होतात आणि प्रत्येकाच्या मानेला मडकं बांधलेलं. थंडीतच तो रस गोड उतरतो, पहाटे मडकी काढायची, आटवायचा, की नोलेन गूड तयार. आपल्याकडे गूळ म्हणजे ऊस, तिकडे जानेवारीत गूळ म्हणजे हाच, नवा, धुरकट वासाचा, आणि तो घालून केलेल्या संदेश नावाच्या मिठाईला वर्षातले दोन-तीन महिनेच.

स्टेशनबाहेर एका टोटोवाल्याला अर्ध्या दिवसासाठी ठरवलं, टोटो म्हणजे बॅटरीची रिक्षा. बिष्णुपूर ही मल्ल राजांची राजधानी. त्या भागात देवळाला चांगला दगड नाही म्हणून त्यांनी विटांचीच देवळं बांधली आणि वर भाजलेल्या मातीच्या पाट्या बसवल्या. रासमंच १६०० चा, पिरॅमिडसारखं छप्पर आणि खाली कमानीत कमान. श्यामराय १६४३, जोडबांगला १६५५, हे तर दोन झोपड्या एकमेकींना चिकटवल्यासारखं, बंगाली गवती छपराचा बाक विटेत आणलाय. आणि भिंतीवर इंचभर जागा सोडलेली नाही, रामायण, शिकार, होड्या, बंदुकवाले फिरंगी, रासक्रीडा. काही देवळं मात्र लाल खडबडीत दगडाची, जवळ जाऊन हात लावला तर जांभा! आपला कोकणातला जांभा. रत्नागिरीच्या मामाच्या घराची गडग्याची भिंतच. एवढ्या लांब येऊन त्या दगडावर हात ठेवून उभी राहिले, उगीचच बरं वाटलं.

तर टोटोवाला. पोरगाच होता, पंचविशीचा. तो म्हणाला आता तोफ बघू. दलमादल नावाची साडेबारा फुटांची लोखंडी तोफ, उघड्यावर, आणि म्हणतात तिला गंज चढत नाही. मग त्याने गोष्ट सांगायला सुरुवात केली. १७४२ मध्ये बर्गी आले, भास्कर पंडित त्यांचा सेनापती, राजाने लढायचं सोडून सगळ्या गावाला मदनमोहनाचं नाव घ्यायला बसवलं, आणि रात्री देव स्वतः देवळातून उठून आला आणि ही तोफ डागली. सकाळी बर्गी गायब, देवाच्या हाताला दारूचा वास. एवढं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, दीदी आप कहाँ से?

मी एक क्षण विचार केला की कर्नाटक सांगावं. मिरजेहून सांगितलं असतं तर फार खोटंही झालं नसतं.

"महाराष्ट्र," म्हटलं.

तो तोफेकडे बघत, माझ्याकडे बघत, पोट धरून हसायला लागला. "फिर तो आपके लिए ही चलाया था, दीदी!"

मी पण हसले, मग म्हटलं बाबा रे, ते नागपूरकर, मी पुण्याची. आणि हे नुसतं अंग काढून घेणं नाही, १७४३ मध्ये नानासाहेब पेशवे स्वतः फौज घेऊन बंगालमध्ये गेले होते ते रघूजी भोसल्यांना हुसकावायला, नवाब अलिवर्दी खानाच्या बाजूने. म्हणजे आम्ही पुणेकर वाचवायला आलो होतो. पोरगं म्हणालं, फुकट? मी गप्प. फुकट नव्हतं, पैसे ठरवूनच गेले होते, चौथाईही हवी होती. पुणेकर फुकट कशाला जाईल. आणि भास्करपंत कोल्हटकरांना पुढे १७४४ मध्ये अलिवर्दीने बोलणी करायची म्हणून तंबूत बोलावून मारलं, ते याच्या गोष्टीत नव्हतं आणि माझ्या पुस्तकात हात-नाक कापलेले लोक नव्हते. तोफेपाशी उभं राहून आम्ही दोघांनी गुळाचा चहा घेतला. पैसे त्याने देऊ दिले नाहीत. मग मदनमोहनाच्या देवळात गेलो, १६९४ चं, बाकीच्यांपेक्षा जिवंत, ओवरीत म्हाताऱ्या बायका ऊन खात बसलेल्या. मी देवाला नमस्कार केला आणि मनात म्हटलं, चूकभूल द्यावी घ्यावी.

बालुचारी साडी बघितली, पदरावर हीच देवळातली माणसं विणलेली असतात, भाव ऐकून परत ठेवली. परतीची गाडी उशिरा आली, अंधार झाला, पण माशीमांनी तीन फोन केले आणि त्यांचं लाइव्ह लोकेशन वगैरे काही नव्हतं, नुसतं "कोथाय?", कुठे आहेस, एवढंच.

रविवारी माझा एक्सेल सपशेल आपटला. जोडासाँको सकाळी नीट झालं, रवींद्रनाथांचा जन्म १८६१ मध्ये आणि मृत्यू १९४१ मध्ये त्याच घरात, लाल वाडा, हिरव्या खिडक्या, वर अनवाणी चालायचं, थंडगार फरशी. त्यांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ, पहिले भारतीय आयसीएस, त्यांची जवळजवळ सगळी नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात गेली, साताऱ्याला जज्ज होते, आणि त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. स्वतः रवींद्रनाथ सतरा वर्षांचे असताना १८७८ मध्ये मुंबईत आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले होते, इंग्रजी बोलणं सुधारायला, आणि त्या घरातल्या अन्नपूर्णेला त्यांनी नलिनी हे नाव दिलं. आणि सखाराम गणेश देऊस्करांच्या सांगण्यावरून त्यांनी १९०४ मध्ये शिवाजी उत्सवावर कविता लिहिली. देऊस्कर म्हणजे मराठी घरातला बंगाली लेखक. मला एकदम जरा वजन आल्यासारखं झालं, म्हटलं माशीमांना आज हे सांगायचं.

पण त्यानंतर ठेवलं होतं कॉलेज स्ट्रीट. पुस्तकांची सगळी दुकानं रविवारी बंद! सोमवारचा एवढा बाऊ केला, रविवारचा कॉलम नीट बघितलाच नाही. किलोमीटरभर निळे पत्रे आणि कुलपं. कॉफी हाउसमध्ये एक कॉफी घेतली आणि नकाशा उघडला. मग सरळ उत्तरेला निघाले, कुमारटुली, मूर्ती घडवणाऱ्यांची वस्ती. आणि हे न ठरवलेलंच सगळ्यात भारी निघालं, कारण २ फेब्रुवारीला सरस्वती पूजा होती आणि सगळी गल्ली सरस्वतीने भरलेली. अजून रंग नाही, नुसती राखाडी माती, हात नसलेल्या, डोकं नसलेल्या, आतून गवताचा पेंढा दिसणाऱ्या शेकडो सरस्वत्या, आणि मधे एक माणूस रॉकेलच्या शेगडीवर हात शेकत बसलेला. थंडीत माती वाळत नाही म्हणून कुठे कुठे ज्योत फिरवून वाळवत होते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात श्रावणात जसा ओला वास येतो तोच वास.

तिथून बागबाजार पायी पंधरा-वीस मिनिटं. आणि एका गल्लीच्या तोंडाशी पाटी, मराठा डिच लेन. बर्गी येणार या धास्तीने १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, सात मैलांचा ठरला, जेमतेम तीन मैल झाला, मराठे काही कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत आणि काम सोडून दिलं. पुढे तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड गेला, आणि कोलकात्याच्या गोऱ्यांना बाकीचे गोरे डिचर म्हणून चिडवायचे. आत्ता त्या गल्लीत दोरीवर मुलांचे स्वेटर वाळत होते आणि एक मांजर. मी पाटीचा फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला. सासऱ्यांचा लगेच रिप्लाय, अभिमान वाटतो, भगवा झेंडा, तीन मुठी. बराच वेळ विचार केला काय लिहावं आणि मग 'हो बाबा, खंदक अर्धाच आहे' एवढंच लिहिलं.

सोमवारी डे ट्रिप, श्रीरामपूर आणि चंदननगर एकाच लोकल लाइनवर. एस्प्लनेडहून हावड्याला मेट्रो हुगळी नदीच्या खालून जाते, मार्च २०२४ मध्ये सुरू झाली, नदीखाली असताना बोगद्यात निळे दिवे लागतात आणि डब्यातले सगळे, अगदी रोजचे ऑफिसवालेसुद्धा, मान वर करून बघतात. पाऊण मिनिटात नदी संपते. मग हावड्याहून लोकल, तिकीट चहापेक्षा स्वस्त.

श्रीरामपूर नावाचं गाव आपल्याकडेही आहे, नगर जिल्ह्यात, पण हे डेन्मार्कचं. खरंच डेन्मार्कचं, १८४५ पर्यंत. छोटं पांढरं सेंट ओलाव्ह चर्च १८०६ चं, जवळ डेन्मार्क टॅव्हर्न दुरुस्त करून कॅफे केलंय, तिथे कॉफी घेऊन मी नदीकडे बघत बसले. मला इथे यायचं होतं ते वेगळ्याच कारणासाठी. विल्यम कॅरी नावाच्या मिशनऱ्याने इथल्या छापखान्यातून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश, तोही मोडी टायपात. पुणे-मुंबईत मराठी पुस्तकं छापायला लागायच्या आधी! खिळे पाडणारे होते पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर, बंगाली लोहार. भाषा सांगायला फोर्ट विल्यम कॉलेजातले वैजनाथ पंडित. म्हणजे माझी भाषा इतक्या लवकर छापील कागदावर ओळीने उभी राहिली ती हुगळीच्या काठी, ज्या बंगालला आम्ही दहा वर्षं लुटलं तिथेच, पन्नास-पंचावन्न वर्षांनी, एका बंगाली लोहाराच्या घणाखाली. श्रीरामपूर कॉलेजच्या मोठ्या खांबांच्या इमारतीसमोर उभी राहिले, आत पोरं पोरी परीक्षेच्या गप्पा मारत होती. मोडी मला वाचता येत नाही. बँकेत जुने दस्त यायचे तेव्हा नारायण पेठेतल्या एका काकांकडे पाठवायचो, ते वारले.

चंदननगरला फक्त स्ट्रँडवर बसले, फ्रेंचांचा घाट, बाकं, मोठी झाडं, समोर नदी. जलभरा संदेश घेतला, हा इथलाच, आत पातळ भरलेलं असतं आणि थंडीत त्यात नोलेन गूड. दुकानदाराने नीट सांगितलं होतं हळू खा, जावयाची फजिती करायला बनवलेला पदार्थ आहे. मी दात लावला आणि गूळ थेट स्वेटरवर. बरोबर पाच-दहाला सूर्य गेला, एक्सेलप्रमाणे.

मंगळवारी संक्रांत. सकाळी नेताजी भवन, जानेवारी १९४१ मध्ये ज्या गाडीतून ते मध्यरात्री निसटले ती गाडी तिथे काचेआड उभी आहे, ते जानेवारीतच बघायला वेगळं वाटतं. परत आले तर माशीमांनी पाटिशापटा केलेले, म्हणजे आत नारळ-गूळ भरलेली धिरडी. माझ्याकडे पुण्याहून आणलेला तिळगूळ होता, डबा सहा दिवस बॅगेत. त्यांच्या हातावर ठेवला, पाया पडले आणि सांगितलं की आमच्याकडे हे देताना म्हणतात गोड बोला, भांडण विसरा. त्यांनी वडी तोंडात टाकली, कडक होती, बराच वेळ चावत राहिल्या. मग म्हणाल्या, चांगली आहे, पण पावणेतीनशे वर्षं उशीर केलात.

रात्री हावड्याहून आझाद हिंद. एकूण खर्च विमान धरून चोवीस हजारांच्या आत बसला, त्यात बाराशेचे संदेश. समोरच्या बर्थवर बंगाली आजी, मुलाकडे पुण्याला हिंजवडीत चाललेल्या, माकडटोपी घालून, डब्यात एसी होता तरी. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर नागपूर आलं. आजींनी विचारलं कोणतं स्टेशन, मी सांगितलं, आणि राहवेना म्हणून हेही सांगितलं की बर्गी इथूनच यायचे. त्या उठल्या, चप्पल घातली, दारापर्यंत जाऊन प्लॅटफॉर्मवर नीट खालीवर बघून आल्या, खात्री केल्यासारखं. संत्रीवाला खिडकीशी होता, डझनाचे शंभर म्हणाला. आजींनी हिंदी, बंगाली आणि हातवारे मिळून असा काही गोंधळ घातला की गाडीने शिट्टी दिल्यावर त्याने हात जोडले. शंभरचे पंचाहत्तर. म्हणजे बरोबर चौथाई. मी काही बोलले नाही, त्यांनी दिलेलं संत्रं सोलायला घेतलं.